नाक्यावरची पाच दारं

तळेदऱ्याच्या नाक्यावर दारांची टोळी उभी राहू लागली त्याला अठरा दिवस झाले, तेव्हा सरकारने तिचा अभ्यास करण्यासाठी कृतिदल नेमलं.

टोळीत दारं पाच होती. सोसायटीच्या गोदामाचं लोखंडी, शिंप्याच्या दुकानाचं फळ्याफळ्यांचं, दवाखान्याचं काचेची पट्टी असलेलं, लॉजच्या न्हाणीघराचं पत्र्याचं आणि अनसूयाबाई ढोबळ्यांचं बाभळीचं निळं. सकाळी आठ वाजता ती नाक्यावर एका ओळीत येऊन उभी राहत. रस्ता ओलांडणाऱ्याने चपला काढायच्या, "येऊ का?" म्हणून विचारायचं आणि दार उघडलं तर पलीकडे जायचं, अशी त्यांनी रीत पाडली होती. लोखंडी दार माणसाला उगीचच ताटकळत ठेवी. पत्र्याचं तर समोरचा घाईत आहे असं दिसलं की कडीच लावून घेई. एस.टी.चा कंडक्टरसुद्धा खाली उतरून, बूट काढून विचारायचा. गाडी दारात मावत नव्हती, त्यामुळे ती शेवटी वळसा घेऊनच जायची, पण न विचारता पुढे जाणं कुणालाच बरं वाटेना.

कृतिदलात तिघं होते. अध्यक्ष नायब तहसीलदार गवांदे, पोलिसांच्या वतीने हवालदार मुजावर आणि 'बाधित कुटुंबातील एक महिला' म्हणून अनसूयाबाई. अनसूयाबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवत. नवरा वारल्यापासून घरात त्या एकट्याच. सरकारी शिक्क्याचं पत्र हातात आलं तेव्हा त्यांना आधी अभिमान वाटला. मग त्यांनी तिसरा परिच्छेद वाचला आणि तोच पुन्हा पहिल्यापासून वाचला. टोळी असल्याचं सिद्ध झाल्यास सर्व दारं वखारीत नेऊन त्यांच्या फळ्या पाडाव्यात, लोखंडी असल्यास वितळवावीत, असं त्यात लिहिलं होतं.

दाराविना घर म्हणजे काय, ते त्यांना अठरा दिवसांत पुरतं कळलं होतं. चौकटीला चादर बांधली, तर ती वाऱ्याने उडे. लुगडं बदलायचं तर कपाटाआड. भाकरी थापताना येणारा जाणारा डोकावून "आज काय केलंय?" म्हणून विचारायचा. कोंबड्या आत येत, त्यांच्यामागे कोंबड्यांची मालकीण येई. नवऱ्याच्या आठवणीने डोळे भरून आले, तरी आधी रस्त्याकडे बघावं लागे आणि मग रडावं लागे. तोवर रडूच ओसरून जाई.

शेजारच्या हौसाक्काला मात्र गंमत वाटत होती.

"अनसूये, तुझं दार पुढारी झालंय गं! काल माझ्या जावयाला अर्धा तास उभं केलं. म्हणे पाय पुसून या."

"तसं नव्हतं गं ते. पावसाळ्यात फुगायचं, तेवढीच एक खोड."

"अगं, संगत वाईट. पत्र्याबरोबर उभं राहिलं की बाभळीलासुद्धा आवाज फुटतो."

कृतिदलाची पहिली बैठक गुरुवारी तहसील कचेरीत झाली. गवांदे साहेबांनी चष्मा पुसला आणि शासन निर्णय वाचला.

"टोळी म्हणजे पाच किंवा त्याहून अधिक. इथे पाच आहेत. उद्या दुपारी चारला नाक्यावर मोजणी, पंचनामा, की विषय मिटला. वखारीचा ट्रक मी सांगून ठेवलाय."

"साहेब, पण त्यांनी कुणाला मारलं नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"माझं बोट चेमटलं लॉजच्या दाराने," मुजावरांनी बोट वर केलं.

"ते त्याचं पूर्वीपासूनच आहे. आमच्या भाचीच्या लग्नात वऱ्हाड तिथं उतरलं होतं, तेव्हा चौघांची चेमटली."

गवांदे साहेबांनी ते लिहून घेतलं. मग प्रपत्र काढलं. प्रत्येक बाधित कुटुंबाचा जबाब घ्यायचा होता, सुरुवात सदस्यापासूनच.

"दार गेलं त्या दिवशी घरात भांडण?"

"भांडायला दुसरं आहे कोण साहेब?"

"कधी आपटलं होतंत?"

"देवाशपथ नाही."

"तेलपाणी?"

"दर दिवाळीला बिजागरीत सोडते."

"बाहेर पडताना उच्चारलेले शेवटचे शब्द?"

कुलूप लावताना दाराला "येते हं" म्हणायची अनसूयाबाईंची सवय. नवरा गेल्यापासूनची. घरात सांगायला दुसरं कुणी नव्हतं आणि न सांगता बाहेर पडायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. पण त्या दिवशी वीज जायची वेळ झाली होती, गिरणी बंद होईल म्हणून जीव वरखाली होत होता, दळणाचा डबा कमरेवर होता.

"जाते, असं म्हणाले," त्या हळूच बोलल्या.

मुजावरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "काय हो हे बाई! माझी आई सरपणाला निघाली तरी 'येते' म्हणायची. 'जाते' असं कुणी म्हणतं का?"

"घाईत तोंडातून गेलं हो. परत आले तर नुसती चौकट. कुलूप तेवढं कोनाड्यात नीट ठेवलेलं."

"म्हणजे दाराच्या समजुतीप्रमाणे तुम्ही कायमच्या गेलात," गवांदे साहेब म्हणाले. "मग ते रिकामं झालं. रिकाम्या दारांचं पुढे काय होतं, ते आपण नाक्यावर बघतोच आहोत." त्यांनी प्रपत्र उलटसुलट करून पाहिलं. "याला वेगळा रकाना नाही. 'इतर'मध्ये टाकतो. मोजणी मात्र उद्या चारलाच."

शुक्रवारी शाळेतली पातेली घासून झाली, तसं अनसूयाबाईंनी पदर खोचला आणि दोन वाजता नाका गाठला. पाचही दारं उन्हात उभी होती. त्यांनी चपला काढल्या आणि निळ्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"येऊ का?"

दार उघडलं. त्या आतून पलीकडे गेल्या, वळल्या आणि त्यांनी फळीवर हात ठेवला. फळी तापली होती.

"हे बघ, मी दळण आणायला गेले होते. पायलीभर ज्वारी होती. परत आले तर तू नव्हतंस. चूक माझी आहे, तुझी नाही."

शेजारी पत्र्याचं दार खडखडलं. अनसूयाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आता येते हं मी," त्या सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

"येते" म्हणून निघालेलं माणूस घरी पोचेल, तेव्हा दाराने आधीच जागेवर असायला हवं. हे त्यांनाही ठाऊक होतं आणि दारालाही. पण दार कितीही झालं तरी खालच्या कडेवर सावकाशच चालणार. म्हणून अनसूयाबाईंनी घरचा सरळ रस्ता दाराला सोडला आणि स्वतः तळ्याकडून वळसा घेतला. तळ्यावर त्यांनी उगीच पाय धुतले. कोरडे होईपर्यंत बसल्या. मग पुन्हा धुतले. तिथून मागच्या बोळाने त्या हौसाक्काच्या परसात शिरल्या.

"चहा टाक गं."

"तुझं घर पलीकडे, आणि चहा माझ्याकडे?"

"अजून घरी जाऊन चालायचं नाही. साखर कमी घाल, पण उकळ चांगला. वेळ लागू दे."

हौसाक्काने काय ते ओळखून चहा दोनदा उकळला. साडेतीनला परसाच्या कुंपणावरून मुजावर डोकावले.

"बाई, मोजणीला चला. आणि तुम्हाला सांगतो, येताना रस्त्यात मला निळं..."

"सांगू नका!" अनसूयाबाईंनी कानांवर हात ठेवले. "माझी गैरहजेरी लावा, पण काही सांगू नका. वाटेवरच्या दाराला टोकायचं नसतं."

चार वाजून गेल्यावर त्या उठल्या. खाली बघत बघत घरापर्यंत आल्या. आपलंच अंगण ओळखीचं असूनही पावलं मोजत आल्या. पुढे कडाप्प्याची पायरी दिसली. पायरीवर ताजी माती सांडली होती. मग त्यांनी मान वर केली.

दार चौकटीत होतं. खालची कड मातीने भरली होती, एका कोपऱ्याचा टवका उडाला होता आणि मधल्या फळीवर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. अनसूयाबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि नुसता श्वास घेत राहिल्या. इतके दिवस छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला केलं होतं.

पाच वाजता गवांदे साहेब आणि मुजावर वह्या घेऊन आले.

"नाक्यावर चारच भरली," साहेब म्हणाले. "चार म्हणजे टोळी होत नाही. वखारीचा ट्रक परत पाठवला. शिंपी माझ्या पायाच पडायला लागला."

"म्हणजे कृतिदल संपलं?"

"छे! ते तीन वर्षांचं आहे. उरलेल्या चारांचा आपण घोळका म्हणून अभ्यास करू. तुम्ही सदस्य आहातच. बैठक दर गुरुवारी." त्यांनी टोपण काढून पेन सरसावलं. "आता हे पाचवं घरी कामावर रुजू झालंय, याची खातरजमा करायची. बंद करून दाखवा."

"मी आत राहून, की बाहेर?"

साहेबांनी शासन निर्णय चाळला. "तसं नमूद नाही. राहा आत."

अनसूयाबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लोटलं. ते जरासं अडखळलं, मग बसलं. त्यांनी कडी घातली. घरात एकदम सावली झाली. रस्ता, कोंबड्या, साहेब, सगळं पलीकडे राहिलं. त्या दाराला पाठ टेकवून खाली बसल्या.

बाहेरून साहेबांचा सांगण्याचा आवाज येत होता. "लिहा मुजावर. दार बंद झाले. आतून कडी घातल्याचा आवाज पंचांनी ऐकला. फटीतून काहीही दिसत नाही." मग बोटाने हलकेच टकटक.

"बाई, झालं आता. उघडा. तुमची सही राहिलीय."

अनसूयाबाईंनी डोक्यावरचा पदर काढला, पाय लांब पसरले आणि डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं.

"थांबा थोडं," त्या आतून म्हणाल्या.

बाहेर दोघांनी चपला काढल्या आणि ते पायरीवर वाट बघत उभे राहिले.