मोटारीला रंग कधी द्यायचा

भिवंडीच्या निजामपुऱ्यात गुलाम हुसेन शेटच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात सावळाराम मास्तरांनी छाती फुगवून सांगितलं, "शेट, येत्या शुक्रवारी या. आमची बालवाडीची पोरं तुमच्या मोटारीचं चित्र असं रंगवतील, की खरी मोटार विकून तुम्ही भिंत घेऊन जाल!"

शेटजवळ आजोबांच्या काळातली मोटार होती. पितळी भोंगा, लाकडी आऱ्यांची चाकं. पुढून दांडा फिरवला की सुरू व्हायची, आणि सुरू झाली की सगळ्यांत जास्त नवल तिलाच वाटायचं. शेटचा सगळा जीव तिच्यात. इकडे पडघ्याच्या रस्त्यावर मास्तरांची बालवाडी होती, तिच्यावर छप्पर नव्हतं. वादळात कौलं उडाली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. शेटच्या गोदामात पत्रे नुसते पडून होते. मोटारीचं चित्र बघून शेट खूश झाला की पत्रे मागायचे, असा मास्तरांचा सरळ बेत.

भिंतीवर मोटारीच्या नुसत्या रेघा काढायच्या आणि आत पोरांनी रंग भरायचे. मास्तरांनी आधी स्वतः काढून पाहिली.

"गुरुजी, म्हस बसलीय," पोरं म्हणाली.

मास्तरांनी तिला भोंगा काढला.

"आता शेपूट आलं."

मग मास्तरांनी ठकुबाईला बोलावलं. गावात कुणाचं लग्न असलं की घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहायचा मान तिचा. शेटची मोटार एकदा ओढ्याजवळ तापून बंद पडली, तेव्हा ठकुबाईनंच तिला हंडाभर पाणी पाजलं होतं. त्यामुळे मोटार तिला तोंडपाठ.

"लिवते की," ती म्हणाली. "तुमी जा तुमच्या कामाला."

मास्तर निर्धास्तपणे भिवंडीला मीटिंगला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर भिंत गेरूनं सारवलेली आणि तिच्यावर पांढरीशुभ्र मोटार, आऱ्यांसकट, भोंग्यासकट. भोवती चारी बाजूंनी नक्षीची चौकट, वर चंद्र-सूर्य, खाली कुंकू लावलेला नारळ. नारळ कशाला हे मास्तरांना कळलं नाही, पण ते इतके खूश होते की त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं रंगीत खडू घेऊन भिंतीकडे धावली. पुढे ठकुबाई केरसुणी घेऊन उभी.

"चौकाला हात लावायचा न्हाय."

"अहो ठकुबाई, ते चित्र आहे. रंगवायलाच काढलंय."

"चारी बाजू बांधल्या, सवाशिणींनी गानी म्हटली, नारळ ठेवला. चौक झाला त्यो. लगीन लागल्याबिगर त्याला कोन बोट लावंल?"

"कुणाचं लगीन?"

"आता ते तुमी सांगा, मास्तर. लिवायला तुमीच सांगितला."

बालवाडीत लग्नाच्या वयाचं माणूस एकच. दुपारपर्यंत शेजारची गुणाबाई हळद दळून घेऊन आली. मास्तर ज्याच्या पडवीत राहायचे तो चिंधू तर रुसूनच बसला.

"मास्तर, एका घरात ऱ्हातो आपन. मला तरी सांगायचं."

"अरे, मोटार आहे ती. नुसती मोटार."

"मोटारीतनं वरात? म्हंजी पोरगी शहरातली हाय."

"पोरगी नाहीच रे."

"बघा, कसा लाजतोय," चिंधू गुणाबाईला म्हणाला.

मास्तर जितकं नाही म्हणत गेले तितकी नवरी आकाराला येत गेली. दिवेलागणीपर्यंत ती कल्याणची झाली, मॅट्रिक पास झाली आणि तिचे वडील रेल्वेत लागले. झोपताना मास्तरांनाच वाटायला लागलं, कल्याणात आपल्या ओळखीचं कोण आहे बरं?

शुक्रवारी लूम बंद. नमाज आटोपून शेट मोटारीतून आला, शेवटचा चढ गावकऱ्यांनी ढकलल्यावर. भिंतीसमोर बाया गाणी म्हणत होत्या. दाराला आंब्याचे डहाळे. पोरं खडू मुठीत धरून कोपऱ्यात बसलेली.

"मास्टर, इसमें रंग किधर हाय?"

"रंग लगीन झाल्यावर, शेट," ठकुबाईनं परस्पर सांगून टाकलं.

शेट भिंतीजवळ गेला. आजोबांच्या मोटारीवर चंद्र-सूर्य, पायाशी नारळ. त्याचे डोळे भरून आले.

"माझ्या गाडीखाली शादी? किसकी?"

सगळ्या गावानं मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात उघड्या भिंतींवरून त्यांना डोंगरामागचा काळा ढग दिसला. त्यांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली.

"वा! मग मंडप किधर हाय?" शेट ड्रायव्हरकडे वळला. "जब्बार, गोदामातले सगळे पत्रे ट्रकमध्ये भर. मास्टर, शादी झाली की परत पाठवा हां. आरामात."

पत्रे आले, भिंतींवर चढले. पावसाळा कोरडा गेला, म्हणजे बाहेर ओला आणि आत कोरडा. दिवाळीनंतर जब्बार ट्रक घेऊन दारात उभा. मास्तर फळ्याआड सरकले.

"सेठ पूछते हैं, शादी हुई क्या?"

"झाली न्हाय अजून," ठकुबाई म्हणाली. "आन् लगीन लागल्याबिगर मांडव उतरवत न्हाय कुनी."

जब्बारनं कानाला हात लावला आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. त्या क्षणी मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपलं लग्न होत नाही तोवर छप्पर हलत नाही. छपरासाठी जन्मभर असंच राहायचं, त्यात काय मोठं? त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी बालवाडीवर मदतनीस म्हणून कमळ आली. कल्याणची. मॅट्रिक पास. वडील रेल्वेत.

"आली बरं का," चिंधूनं गावभर सांगितलं.

मास्तरांनी रोज धुतलेला सदरा घालायला सुरुवात केली. कमळ गाणी शिकवायची, तेव्हा ते फळ्यावर एकच अक्षर गिरवत राहायचे. एकदा बाहेर धो धो पाऊस, आत पोरं कोरडी ठणठणीत, आणि कमळ भिंतीसमोर उभी राहून म्हणाली,

"मास्तर, खडू तर डबाभर आहेत. मग या मोटारीला रंग कधी द्यायचा?" आणि खाली बघून हसली. कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर ताडताड वाजणाऱ्या पत्र्यांकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे.

"एवढा पावसाळा जाऊ द्या," ते म्हणाले.

आता हे ते तिसऱ्या पावसाळ्यात म्हणत आहेत.