गजभिये काकांचा हात

पिझ्झा मागवायचा तरी गजभिये काका मतदान घ्यायचे. "मशरूमवाला कोणाकोणाला? हात वर!" अमेरिकेत शुगर लँड गावी त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायचो, त्यामुळे त्यांची नक्कल मला झकास जमायची. मान तिरकी, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज थेट नागपूरचा: "हात पूर्ण वर कर ना बे, काख खाजवून राहिला का?"

एकदा एका पोरानं ऐकवलं, "अंकल, इट्स जस्ट पिझ्झा!"

"असंन! पण खाणाऱ्याला विचारलं का?"

लहानपणी त्यांच्या वस्तीचं सगळं काही गावच ठरवायचं, वस्तीला न विचारता. तेव्हापासून काकांचं एकच: विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांची लेक प्रज्ञा लोकांना विचारायच्या याच कामाला पूर्व तिमोरला गेली. काकांनी नकाशावर बोट ठेवलं की अख्खा प्रदेश बोटाखाली गायब व्हायचा. त्यावर ताबा ठेवून असलेला इंडोनेशिया आणि जुना मालक पोर्तुगाल इकडे न्यूयॉर्कात त्याचं भवितव्य बोलत बसले होते. शेवटी ठरलं, तिथल्या लोकांनाच विचारू: इंडोनेशियात राहता, की वेगळे होता? डोंगरातल्या एका गावात मतदारांची नावं नोंदवायला प्रज्ञा. काकांनी गल्लीभर पेढे वाटले, मेक्सिकन शेजाऱ्यालासुद्धा.

मग टीव्हीवर बंदूकवाल्या टोळ्या दिसायला लागल्या. वेगळे व्हा म्हणाल तर घरं जाळू, अशा धमक्या. काका आवाज बंद करून बातम्या बघायचे. दाराची बेल वाजली तरी चहा सांडायचे. मी नक्कल बंद केली. हसणार कोण?

एका शनिवारी संध्याकाळी बातमी आली, प्रज्ञाच्या शेजारच्या गावात नोंदणीवाल्यांवरच हल्ला झाला. काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला परत बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"आधी मत," काका म्हणाले. "प्रज्ञानं परत यावं, कोणाला वाटते? हात वर."

काकूंचा हात. माझा हात.

"विरोधात?"

काकांनी स्वतःचा हात वर केला. पूर्ण वर. "दोन विरुद्ध एक. मंजूर. फोन आला की सांगतो."

तेवढ्यात फोन वाजलाच. काकांनी दुसऱ्या हातानं स्पीकर लावला.

"बाबा, सकाळपासून केवढी रांग लागलीय! म्हातारी माणसं डोंगर उतरून आलीत. घाबरलीत खूप, पण आलीत."

आम्ही दोघं काकांच्या तोंडाकडे बघतोय.

"प्रज्ञा..." काका फोनजवळ वाकले. "रांगेत सावली आहे का बेटा?"

"नाही ना. कडक ऊन आहे."

"मग ताडपत्री बांध. म्हाताऱ्यांना बसव आधी."

"हो बाबा. तुम्ही कसे..." लाइन कट झाली.

काकांनी पहिल्यांदाच बहुमत मोडलं होतं. काकांचा हात अजून वरच होता. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरून हळूच खाली घेतला.

"बर्फ झालाय हो," एवढंच म्हणाल्या, आणि चोळत बसल्या.