निरीक्षकांची आत्मपडताळणी

माणसाला विश्रांतीची खरी गरज सुट्टीनंतर असते; सुट्टीपूर्वी तो बरा असतो. शास्त्राने हे अजून मान्य केलेलं नाही, पण शास्त्राला घरच्यांना घेऊन नऊ दिवस हिंडावं लागत नाही.

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांना असं हिंडावं लागलं. सव्वीस वर्षं ते बाजारातले तराजू तपासत आले होते. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण त्यांना नुसत्या वासावर कळे. मापात पाप करणारे दुकानदार त्यांना पाहून मागच्या दाराने सटकत, तर निरीक्षक तिथे आधीच उभे. अशा माणसाने सुट्टीची आखणी केली तर ती कशी होईल हे सांगायला नको. तरी सांगतो.

माणसं चार : ते स्वतः, त्यांची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. पाहण्याची स्थळं एकतीस. त्यांपैकी आतून पाहिलेली बावीस, बाहेरून सहा, धावत्या गाडीतून दोन, आणि एक मुळात नव्हतंच (नकाशा जुना होता; फोटो मात्र काढला). प्रत्येक स्थळाला मिनिटं नेमून दिली होती. समुद्र मोठा असल्यामुळे त्याला अकरा मिळाली.

नवव्या दिवशी चौघं घरी परतले तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हतं. निरीक्षकांनी याची नोंद वहीत ‘सर्वजण समाधानी’ अशी केली.

रजेचे दोन दिवस अजून शिल्लक होते. शिल्लक राहिलेली गोष्ट वाया जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर कागद लागला :

‘विषय : मनःशांती व आत्मपरीक्षण. आज दहा ते सहा अधोस्वाक्षरीकार मागच्या खोलीत शांत होतील. कोणीही दार वाजवू नये. अपवाद : आग, पूर व चहा.’

बायकोने तो उभ्या उभ्या वाचला आणि ती म्हणाली, “बरं.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या काळात ‘बरं’च्या मागे ‘पण’ आला नाही असं एकदाही घडलं नव्हतं. निरीक्षक ‘पण’ची वाट बघत जरा वेळ थांबले. तो आला नाही. मग ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मागच्या खोलीत रिकाम्या बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि व्यायामाची सायकल होती (सायकलीवर टॉवेल वाळत असत, व्यायाम त्यांचाच काय तो होई). निरीक्षक गुंडाळलेल्या गादीवर मांडी घालून बसले. दहा वाजून चार मिनिटांनी गुडघा दुखू लागला. साडेदहापर्यंत शांती आली नाही. वेळ न पाळणाऱ्यांसाठी ताटकळत बसणं त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे त्यांनी पुढचा विषय घेतला. वहीत तक्ता आखला आणि स्वतःची पडताळणी सुरू केली.

राग : येतो, पण सकारण. मान्य.

हट्ट : नाही. नाही म्हणजे नाही. मान्य.

दुसऱ्याचं ऐकून घेणे : वेळ असल्यास. मान्य.

घरातील उपयुक्तता : अपरिहार्य.

सगळी तफावत परवानगीच्या मर्यादेत. सव्वीस वर्षांत इतका चोख काटा त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. बाजारात एखादा काटा असा संशय येण्याइतका चोख निघाला, की ते हटकून पारडं उलटं करून बघत. आज ते सुचलं नाही.

मात्र नियम तो नियम. स्वतःच्या तराजूवर स्वतः शिक्का मारता येत नाही, दुसऱ्याची सही लागते. तेव्हा बाराच्या सुमाराला निरीक्षक कागद घेऊन बाहेर आले. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. ते दाराअलीकडे थांबले.

आत मुलगी मनगटावरच्या नसलेल्या घड्याळावर बोट आपटत, जाड आवाज काढून म्हणत होती, “सूर्यास्त झालेला आहे! चला, चला, बघत काय बसलात?”

आईला हसता हसता ठसका लागला. “मला बाई त्या पाण्याकाठच्या बाकावर बसायचं होतं,” ती म्हणाली. “पाय सोडून. म्हटलं, जरा टेकते. तर म्हणतो कसा, आई, आपण तीन मिनिटं मागे आहोत.”

“कुणाच्या मागे?” बायकोने विचारलं.

“ते विचारायचं राहिलंच की गं!”

तिघी पुन्हा हसत सुटल्या. निरीक्षकांच्या मोबाइलमध्ये त्या सुट्टीचे चारशे बारा फोटो होते. आई अशी हसताना त्यातल्या एकातही नव्हती. खाकरून ते आत शिरले, आणि नळ बंद करावा तसं हसणं थांबलं. आईचे पाय समोरच्या खुर्चीवर होते. तिने ते घाईघाईने खाली घेतले.

“काही हवंय का?” बायकोने विचारलं.

“सही. वाचून कर.”

तिने शांतपणे वाचलं. “अपरिहार्य म्हणजे काय हो?”

“ज्याच्यावाचून चालत नाही असा.”

तिने घड्याळाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, अर्ध्या प्यालेल्या तीन कपांकडे पाहिलं. “अहो, दोन तास झाले,” ती म्हणाली. टोमणा नव्हता, नुसती माहिती दिली. “चाललं.”

आणि तिने सही केली.

“बाबा, उद्यापण आहे ना हे?” मुलीने विचारलं.

निरीक्षक पुन्हा गादीवर येऊन बसले. पारड्यातलं वजन उचललं की पारडं वर उडतं, काटा बाजूला जातो, एवढं त्यांना झोपेतही ठाऊक होतं. उचलल्यावर काटा मध्यावर येऊन स्थिर होतो असं वजन मात्र ते आज प्रथमच पाहत होते. माणूस प्रामाणिक. त्यांनी ‘अपरिहार्य’ खोडलं. मग दार किंचित उघडून हाक मारली, “आई, जायचं का पुन्हा? नुसतं त्या बाकावर बसायला?”

“जाऊ की कधीतरी,” आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “आज बस तू तिकडे. घरात कसं छान शांत वाटतंय.”

त्यांनी दार लावून घेतलं.

कामावर रुजू झाल्यावर साहेबांनी चौकशी केली, तेव्हा निरीक्षकांनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब गंभीर झाले. आठवडाभरात आदेश निघाला : प्रत्येक कर्मचाऱ्याने सुट्टीनंतर एक पूर्ण दिवस स्वतःच्या घरी दार लावून आत्मपरीक्षण करावं. पहिल्या सहामाहीचा अहवाल उत्साहवर्धक आहे. आत बसलेले कर्मचारी, अठ्ठेचाळीस. त्यांपैकी मनःशांती लाभलेले, तीन (दोघांना झोप लागली होती). बाहेर असलेले घरचे लोक, एकशे सदुसष्ट. मनःशांती लाभलेले, एकशे सदुसष्ट. ही योजना साप्ताहिक करावी अशी एकतीस घरांची मागणी आहे. एका घराने दाराला बाहेरून कडी बसवून मिळावी असा अर्ज केला आहे. तो विचाराधीन आहे.

आपणही हे वाचायला घरातला एखादा बरा कोपरा गाठला असेल. बराच वेळ कुणी हाक मारलेली नाही, कुणी काही विचारायला आलेलं नाही, हेही लक्षात आलं असेल. घर अगदी शांत आहे ना? मग एवढ्यात उठू नका. आणखी काहीतरी वाचा. घरच्यांचाही थोडा विचार करावा माणसाने.