पंपाचा दाखला

तुम्हाला कधी पंपाकडून दाखला घ्यावा लागला आहे का? आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला तो घ्यावा लागतो. त्याशिवाय प्रबंध जमा करून घेत नाहीत.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत अटेंडंट आहे. एकवीस वर्षं झाली. पूर्वी असा नियम नव्हता. मग कंपन्यांची पत्रं येऊ लागली की तुमच्या मुलांना विषय येतो, पण चार माणसांत काम करता येत नाही. तेव्हा ठरलं, ऐकून घेणं, समजावून सांगणं, दुसऱ्याची अडचण ओळखणं, अशी कुठेही गेलं तरी उपयोगी पडणारी कौशल्यं शिकवायची. परीक्षक म्हणून आधी प्राध्यापक नेमले. त्यांनी एका दुपारी सगळ्यांना पास करून टाकलं. म्हणून ते काम पंपाकडे आलं. तो कुणाचा नातेवाईक नाही.

निनाद ठोसरचं सातवं वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती, आणि पुढे वाढवून मिळणार नव्हती. हा दाखला आणि प्रयोगाची तीन रीडिंग, एवढंच राहिलं होतं. दुपारी तो फॉर्म घेऊन आला.

"बस," पंप म्हणाला.

निनादने लॅपटॉप उघडला. पाण्यातले बुडबुडे पंपाचं पातं कसं कुरतडतात, ते त्याने बेचाळीस स्लाइडमध्ये समजावून सांगितलं.

"माझंच दुखणं मला चित्रात दाखवलंस," पंप म्हणाला. "चित्रं चांगली आहेत. वहीत माझ्यापुढे काय लिहितोस?"

"ठीक."

"कुणाला विचारून?"

निनाद माझ्याकडे बघू लागला. मी फडकं पिळत होते. आमच्याकडे यंत्राच्या वहीत सोमवारीच शनिवारपर्यंतचं 'ठीक' लिहून ठेवतात. पहिल्या वर्षी मीच त्याला ते शिकवलं होतं.

"सगळेच लिहितात, सर."

"म्हणून तुझ्या गाईडना, दाभाडकर सरांनाही दाखला मिळालेला नाही. दर जूनमध्ये येतात बिचारे."

"मावशी, आता काय करू?" निनाद हळूच म्हणाला.

"मला काय विचारतोस? त्यांना विचार."

त्याने लॅपटॉप मिटला. "कसे आहात, सर?"

पंप बराच वेळ बोलला. बेअरिंग दुखतं. एकोणतीस वर्षांत एकही रजा नाही. त्याचा भाऊ सांगोल्याजवळ एका विहिरीवर आहे, आणि उद्या संध्याकाळी त्याला भंगारात देणार आहेत. मध्ये निनादने एकदा घड्याळाकडे पाहिलं. पंप थांबला. "चुकलं, सर. बोला," निनाद म्हणाला.

बोलणं संपल्यावर पंपाने फॉर्मवर तेलाचा थेंब टाकला. आमच्याकडे तीच त्याची सही. "तुझा दाखला झाला. आता रीडिंग घे. मी उद्या दिवसभर आहे."

"म्हणजे भाऊ भेटणार नाही."

"नाही."

निनाद फॉर्म हातात धरून बसून राहिला. दाखला मिळाला होता. पंप चालवला असता तर प्रबंधही झाला असता. त्याने माझ्याकडून रजेचा अर्ज मागून घेतला आणि पंपाच्या नावाने भरला. 'रजेच्या काळात काम कोण पाहील' या रकान्यापाशी तो अडला. मग तिथे त्याने स्वतःचं नाव लिहिलं.

दाभाडकर सरांनी अर्ज दोनदा वाचला. "ठोसर, तुम्ही मिनिटाला चारशे लिटर पाणी चढवणार?"

"प्रयत्न करतो, सर."

"पात्रता काय तुमची?"

निनादने दाखला पुढे केला. सरांनी तो उजेडात धरून पाहिला, तेलाच्या डागाला बोट लावलं. "मला नाही देत तो," असं म्हणून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या एसटीने पंप सांगोल्याला गेला. आठ वाजता निनाद पंपाच्या चौथऱ्यावर उभा राहिला, मी त्याच्या बुटांचे चार बोल्ट आवळले, वरच्या टाकीत पाणी चढू लागलं, आणि साडेदहापर्यंत तिन्ही रीडिंग मिळाली.