तीन नंबरचं किट

यंदाचं पंचायत समितीचं तिकीट आपल्याच घरात येणार, हे बजरंगनं पालीच्या हॉटेलात चहा पिता पिता जाहीर केलं. "लिहून घ्या," असंही वर म्हणाला. कुणी लिहून घेतलं नाही. त्याची अशी भाकितं लिहून घ्यायची म्हटली तर एव्हाना पालीत कागद उरला नसता.

पण यंदा त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. जागा महिलेला सुटली होती, आणि बजरंगची बायको शिवकन्या त्या जागेला शोभेल अशी बाई होती. शेळ्यांचा कळप तीच सांभाळायची, बचत गट तीच चालवायची. धरण उशाला असून वस्तीला टँकर का लागतो, हे ती तहसीलमध्ये जाऊन विचारून आली होती. तिला तिकीट मनापासून पाहिजे होतं. मात्र ते मिळवायचं काम तिनं नवऱ्याकडं दिलं होतं. तिच्या आयुष्यातली एवढीच चूक.

कारण तिकीट होतं विठ्ठलरावांच्या खिशात. विठ्ठलराव म्हणजे आण्णा. दीडशे एकर रान, दोन पेट्रोल पंप आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक मयतीला पुढच्या रांगेत जागा. बजरंग त्यांचा कार्यकर्ता. कार्यकर्ता म्हणजे ज्याला पगार नसतो, सुट्टी नसते आणि फोन उचलला नाही तर शिव्या मात्र हक्कानं मिळतात, असा इसम. बजरंगनं या नोकरीत केस पांढरे केले होते.

आण्णांकडं एक एटीव्ही होती. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलीचं हँडल आणि वर घोड्यासारखी बैठक. शर्यतीत वाळूतून उड्या मारायची गाडी ती. रस्त्यावर चालवायची तिला परवानगी नाही, म्हणून नंबरप्लेटही नाही. त्या जागी आण्णांनी स्वतःचा फोटो लावला होता. पोलीस त्या फोटोला सलाम करायचे.

पाटोद्याच्या साहेबाकडं, म्हणजे आण्णांच्या विरोधकाकडंही, तसलीच गाडी होती. वाढदिवस जवळ आला तसं आण्णांनी बजरंगला बोलावलं.

"गाडीत दम न्हाई राहिला बे. पाटोद्याच्या सायबाची गाडी ऐकलीस का? वाघ डरकाळी फोडतो का काय असं वाटतंय. अन् आपली? कोंबडी खोकल्यावानी."

"इंजिनाला किट टाकू, आण्णा."

"मंग टाक. मिरवणुकीच्या आत झालं पायजे. आन् शिवकन्येचं माझ्या ध्यानात हाय."

एवढं शेवटचं वाक्य ऐकायला बजरंगनं वीस वर्षं काढली होती. तो तडक बीडला रामप्रसादच्या गॅरेजवर गेला.

रामप्रसाद बुलेटचे सायलेन्सर बदलण्यात तरबेज. एटीव्हीचं इंजिन त्यानं मोबाईलवर बऱ्याचदा उघडलेलं पाहिलं होतं. त्यानं बजरंगला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गिऱ्हाईक कुणाच्या वतीनं आलंय हे नीट विचारून घेतलं.

"तीन किट येतेत," तो म्हणाला. "एक नंबरमधी फकस्त मोठं सिलिंडर अन् पिस्टन. साठ हजार. दोन नंबरमधी त्याच्यासंगं कॅमशाफ्ट, कार्बोरेटर, सायलेन्सर. सव्वा लाख. तीन नंबर म्हंजी क्रँकसकट आतलं समदं नवं. अडीच लाख. पुण्याहून मागवावं लागंल."

"फरक काय पडतो?"

"एक नंबर चालती. दोन नंबर पळती. तीन नंबर फकस्त पळती. तिला हळू जमत न्हाई."

"आण्णाला तरी कुठं जमतंय," बजरंग म्हणाला, आणि दोघंही हसले. त्या हसण्यात आख्खी अक्कल वाहून गेली. गाडी मिरवणुकीत चालवायची आहे, मिरवणूक हलगीच्या तालावर मुंगीच्या पायानं जाते, हे बजरंगला पक्कं ठाऊक होतं. पण मोठं म्हणजे चांगलं, यापलीकडं विचार करायची सवय आपल्याकडं कार्यकर्त्याला लागू दिली जात नाही.

त्यानं आण्णांना फोन लावला. आण्णांनी एकच प्रश्न विचारला.

"पाटोद्यावाल्यानं कोनतं टाकलंय?"

रामप्रसाद बाजूनं म्हणाला, "दोन नंबर."

"मंग तीन टाक."

"रामप्रसाद, जरा कमी जास्त करून..." बजरंगनं घासाघीस सुरू केली, तर फोनमधून आण्णा गरजले.

"माझ्या नावानं घासाघीस करतो व्हय बे? उद्या जिल्हाभर सांगत्याल, विठ्ठलरावानं किटात पैशे पाडून मागितले."

"न्हाई न्हाई, आण्णा. अन् पैशाचं...?"

"तू हायस की," आण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

तो होता. पाटोद्याच्या बाजारात शिवकन्येचा निम्म्याहून जास्त कळप गेला. गाभण शेळ्यासुद्धा गेल्या. शिवकन्या दोर सोडताना फक्त एवढंच म्हणाली, "आवं, तिकिटासाठी इंजिन कावून लागतंय?"

"तुला राजकारण न्हाई कळायचं."

"मंग मला हुबं कशाला करायलाव?"

यावर बजरंग नुसता चिडला.

किट बसलं. धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर बजरंगनं गाडी पळवून पाहिली. काय ती पळाली! रस्त्याकडेची म्हैस दावं तोडून गेली आणि बजरंगच्या तोंडात गेलेली माशी थेट पोटात उतरली. तो खूश झाला. हळू चालवून पाहावी, असं त्याच्या मनातही आलं नाही. हळू चालायला अडीच लाख कोण देतं?

वाढदिवसाच्या दिवशी सकाळपासून हलग्या, डीजे, फुलं उधळायला जेसीबी आणि क्रेन. क्रेनला मोसंबीचा हार टांगलेला. हार कसला, आख्खी बाग! आत लोखंडी तार, वर दोरखंड. आपल्याकडं पुढाऱ्याची उंची क्रेनवरून मोजतात, आणि पाटोद्याच्या साहेबाला मागच्या महिन्यात सफरचंदाचा हार पडला होता, म्हणून हा त्याच्या दुप्पट.

आण्णा पांढऱ्या कपड्यात गाडीवर बसले. मिरवणूक सुटली आणि लगेच गाडीला ताप चढला. हळू चाललं की इंजिन गचके द्यायचं, मग फुरफुरायचं, मग बंद पडायचं. आण्णांच्या टाचा भाजायला लागल्या. बजरंग बाजूनं बाटलीनं इंजिनावर पाणी मारत चालला होता, वाफ निघत होती, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आण्णा चुलीवर बसलेत.

"बजरंग्या, पुन्हा बंद पडली तर तुला जित्ता गाडीन."

"आण्णा, डाव्या हातानं क्लच दाबून धरा अन् उजव्या अंगठ्यानं रेस देत राहा. बंद न्हाई पडायची."

या गाडीला मूठ पिळायची नसते. हँडलवर छोटी पट्टी असते, ती अंगठ्यानं दाबायची. आण्णांनी क्लच धरला, पट्टी दाबली. गाडी गिअरमध्ये, जागच्या जागी, अशी काही गर्जायला लागली की डीजेवाल्यानं घाबरून आवाज कमी केला. आण्णांचं तोंड खुललं. पाटोद्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

तेवढ्यात क्रेननं हार खाली सोडला. हार आण्णांच्या डोक्यावरून काखेपर्यंत उतरला. समोर शेकडो लोक, वर ड्रोन. आणि आण्णांनी तेच केलं, जे हार पडल्यावर या जिल्ह्यातला कुठलाही पुढारी झोपेतसुद्धा करील. त्यांनी दोन्ही हात सोडून, हारातून वर काढून नमस्कार केला.

क्लच सुटला. हाराचं ओझं पट्टीवर बसलं.

गाडी सुटली. पुढची चाकं आभाळाकडं, मागची फुफाट्यात. ती आण्णांच्या खालून निघून गेली, पण आण्णा गेले नाहीत. त्यांना हारानं काखेत धरलं होतं आणि हाराला क्रेननं. हाराची मोसंबी गारांसारखी बरसली, आण्णा मात्र तारेला लोंबकळत राहिले. क्रेनवाल्याची बोबडी वळली. खाली सोडायचा दांडा ओढायचा तर त्यानं वरचा ओढला. आण्णा वर चालले. पंचायतीच्या पत्र्याच्या वर, पिंपळाच्या शेंड्याला समांतर. हात तसेच जोडलेले. कॅमेरा चालू असताना हात सोडायची त्यांना सवयच नव्हती.

रिकामी गाडी शुभेच्छांच्या फलकावर गेली. वर आण्णांचा भला मोठा चेहरा, खाली कार्यकर्त्यांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. गाडी नेमकी बजरंगच्या फोटोतून आरपार गेली आणि पलीकडच्या उकिरड्यात नाक खुपसून फुरफुरत थांबली.

कुणी मेलं नाही. मेलं असतं तर बरं, असं आण्णांना संध्याकाळी व्हिडिओ पाहताना वाटलं असावं. जिल्हाभर तो व्हिडिओ फिरत होता. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'पक्षांतर.'

आण्णांनी बजरंगला आतल्या खोलीत घेतलं. सून सायली चहा ठेवून गेली. आण्णांच्या दोन्ही काखांना हळद लावलेली होती, त्यामुळं ते कोंबड्यासारखे पंख पसरून बसले होते.

"हसू झालं, बजरंग. यावर एकच इलाज हाय. घातपात."

"कुनाचा?"

"पाटोद्यावाल्याचा. त्यानं तुला पैशे चारले, तू गाडीत गडबड केलीस."

बजरंग गार पडला. "मी? आण्णा, मी कशाला..."

"खरं कुठं म्हणायलोय मी? चार दिवसांचा खेळ हाय. तू कॅमेऱ्यापुढं रडायचं, पाय धरायचे, मी उठवून छातीला लावायचं. लोकं म्हनत्याल, काय मनाचा मोठेपणा. अन् शिवकन्येचं ध्यानात हाय माझ्या."

बजरंग रडला. फार छान रडला, इतकं की शेवटी खरंच रडू आलं. आण्णांनी त्याला छातीला लावलं, काखेत कळ आल्यानं त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला.

आठवड्यानं तिकीट जाहीर झालं. सायली, आण्णांची सून.

बजरंग धावतच गेला. "आण्णा, शिवकन्येचं?"

आण्णांनी त्याच्याकडं मनापासून वाईट वाटल्यासारखं पाहिलं. "आरं, देणारच होतो. पन तूच सांग बे, ज्यानं माझ्यावर घातपात केला त्याच्या बायकोला तिकीट दिलं तर लोकं काय म्हनत्याल?"

बजरंगनं खूप विचार केला. आण्णांचं बोलणं कुठंच चुकत नव्हतं. हीच तर त्यांच्या बोलण्याची खोड.

परत येताना हॉटेलात त्याला कुणी बस म्हणालं नाही. एकानं नुसतं विचारलं, "किती भेटले?" घरी वस्तीवर बचत गटाच्या बायकांनी शिवकन्येला हिशेबाच्या कामावरून बाजूला केलं होतं. गटातली छबुबाई येऊन तोंडावर सांगून गेली, "विकलेल्या घरात गटाचे पैशे कशे ठेवावं, बाई?"

शिवकन्या उरलेल्या शेळ्यांना पाला टाकत होती. बजरंग ओट्यावर बसला. तिनं पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली.

"एक इचारते. खरं सांगा, मी कुनाला बोलनार न्हाई. पाटोद्यावाल्यानं काई दिलतं का?"

"तुझी शपथ, शिवकन्ये. एक रुपया न्हाई. आण्णासाठी मी खोटंच बोललो."

 शिवकन्या पाल्याची पेंढी उचलून वळली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तेवढं तरी आसंल."