सोनटक्क्यांची बारमाही गुढी

चेन्नईत नंगनल्लूरच्या आमच्या इमारतीवर पाडव्याला उभारलेली गुढी दसरा उलटून गेला तरी उतरली नव्हती. साखरेच्या गाठी मुंग्यांनी केव्हाच नेल्या होत्या. कडुनिंबाच्या डहाळीला फक्त काड्या उरल्या होत्या. जरीचा खण मात्र दर महिन्याला नवा दिसायचा. गुढीचे मालक मुकुंद सोनटक्के, चौथा मजला, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, घरात एकटे.

गुढी सूर्यास्ताला उतरवतात हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण आमच्या इमारतीत मराठी घरं तीनच. सोनटक्के, पहिल्या मजल्यावर मी, आणि दुसऱ्या मजल्यावर पद्माबाई, ज्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तंजावरला आले आणि परत जायचं विसरले. बाकी सगळे तमिळ. तेव्हा सोनटक्क्यांचं बिंग फोडू शकणारा माणूस मी होतो, आणि म्हणूनच त्यांनी पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी मला वर बोलावून कॉफी पाजली.

गुढीची काठी बांबूची नव्हतीच. तो प्लॅस्टिकचा पाइप होता आणि त्याच्या पोटात अँटेना होता. प्रत्येक विमान आपला नंबर, उंची आणि वेग सतत हवेत सांगत असतं. सोनटक्के ते पकडत आणि पडद्यावर बघत बसत. गच्चीवर पाण्याच्या टाकीशिवाय काहीही ठेवायचं नाही असा सोसायटीचा नियम होता. अपवाद देवाधर्माचा, कारण सेक्रेटरी वेंकटेशन धार्मिक वस्तू दिसली की आधी चप्पल काढायचे आणि मग विचार करायचे.

"अहो, विमानतळ दोन किलोमीटरवर आहे," मी म्हणालो. "विमान तुमच्या खिडकीतून दिसतं. कानठळ्या बसतात. आणखी काय कळायचं राहिलं?"

"कुठली गाडी ते कळतं का?" सोनटक्के विमानाला गाडी म्हणत. "ही बघा दोहाची. वीस मिनिटं लेट. कोवलमच्या आउटरला उभी केलीये."

चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या समुद्रावर एक विमान गोल गोल फिरत होतं. आकाशात आउटर सिग्नल नसतो हे मी त्यांना सांगितलं नाही. निवृत्त माणसाकडून किती काढून घ्यावं यालाही मर्यादा आहे.

"हे फोनवर फुकट दिसतं," मी म्हणालो.

"फोनला कोण सांगतं? माझ्यासारखाच कोणीतरी गच्चीवर काठी लावतो तेव्हा दिसतं. मी दुसऱ्याच्या सिग्नलवर गाडी सोडत नाही."

"मग खिडकीत लावा."

"लावून पाहिला. खिडकीतून गाडी आउटरपर्यंत दिसते, फलाटाला लागलेली दिसत नाही. ते दिसायला उंचीच लागते."

पहिल्याच आठवड्यात मात्र संकट आलं. वरचा तांब्याचा कलश घातल्याबरोबर अँटेना ठार बहिरा झाला. सोनटक्क्यांनी बाथरूममधला प्लॅस्टिकचा तांब्या सोनेरी रंगवून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी वेंकटेशन त्या तांब्यासमोर हात जोडून उभे होते आणि मी जिन्यात तोंड दाबून उभा होतो.

पुढे प्रकरण सोनटक्क्यांच्याही हातात राहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मामींनी गुढीभोवती कोलमची रांगोळी काढायला सुरुवात केली. शुक्रवारी कापूर जळू लागला. सोनटक्के आगीच्या बंबासारखे बादली घेऊन शेजारी उभे राहत, आणि लोकांना ती भक्ती वाटे. कोणाच्या तरी मुलाला नोकरी लागली तेव्हा मोगऱ्याचा ओलाचिंब गजरा काठीला गुंडाळला गेला. "तीन गाड्या गेल्या हो," सोनटक्के माझ्या दारात येऊन म्हणाले. "त्या मोगऱ्यामागे."

मग वेंकटेशन यांच्या सुनेने फोनवर वाचलं की गुढी संध्याकाळी उतरवतात. रविवारी अकरा वाजता खाली पार्किंगमध्ये सभा ठरली. निकाल उघड होता. काठी खाली येणार, आणि आतली वायर बघून पुढे काय काय होणार ते निराळंच.

सोनटक्के सभेला आलेच नाहीत. "अकरा वीसला मस्कतची गाडी आहे, तुम्ही सांभाळा," एवढाच निरोप.

"सार, तुम्हीच सांगा," वेंकटेशन मला म्हणाले. "वर्षभर गुढी ठेवतात?"

मी बँकेत नोकरी करतो. सही करावी न लागेल असं उत्तर देणं मला जमतं. "घरोघरी वेगळी पद्धत असते," मी म्हणालो.

"तुमच्या घरी काय आहे?"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून पद्माबाई उठल्या. सोवळ्याच्या कडक. मी त्यांना कधी थट्टेतही खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या शांतपणे तमिळमध्ये म्हणाल्या, "आमच्या तंजावरात गुढी वर्षभर असते. जुनी रीत आहे. संध्याकाळी उतरवणारे ते पुण्याचे. त्यांना रोज वर चढायचा कंटाळा."

वेंकटेशन यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने फोन पर्समध्ये ठेवला. सभा संपली.

जिना चढताना मी पद्माबाईंना हात दिला आणि विचारलं, "बाई, हे काय सांगितलंत?"

त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे आणि शब्द पणजीच्या पेटीतले. "नात माझी विमानांत चाकरीस आहे," त्या म्हणाल्या. "उतरल्यावर फोन करते, पण दोन तासांनीं. तोंवर मज घांस उतरत नाहीं. हे वरचे सोनटक्के एकदां लिफ्टमध्यें भेटले, त्यांस मी बोललें. तेव्हांपासून तिचें विमान भुईस लागलें कीं वरून नळास ठोकतात. मग मी पानावर बसतें." घड्याळाकडे बघून त्यांनी माझा हात सोडला आणि घाईने आत गेल्या.

निकाल सांगायला मी चौथ्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत सोनटक्के खालपर्यंत जाणाऱ्या जुन्या लोखंडी नळापाशी उकिडवे बसले होते, हातात पाना. पडद्यावर मस्कतचं विमान धावपट्टीवर उतरलं होतं. त्यांनी नळावर मोजून चार ठोके दिले.

"गुढी वाचली तुमची," मी म्हणालो.

त्यांनी बोट वर केलं आणि नळाला कान लावला. "चार म्हणजे गाडी पोचली," ते हळू आवाजात म्हणाले. "पलीकडच्या स्टेशनने तेवढेच परत दिल्याशिवाय मास्तरने जागा सोडायची नसते."

ओट्यावर एकच ताट धुऊन उभं केलं होतं. आम्ही थांबलो. मग खालून, बहुधा पळीने, चार ठोके आले, सावकाश.

आता आणखी काही यायचं नव्हतं. हे सिग्नल खात्यात जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगणार. सोनटक्के डोळे मिटून नळाला कान लावून तसेच बसून राहिले.