पायऱ्या किती, एवढंच कळवावं

ज्या पत्रात एकच साधा प्रश्न असतो, त्याला उत्तर द्यायला सर्वांत जास्त वेळ लागतो, हे कोणत्याही संस्थेत दहा वर्षे चिटणीस राहिलेल्या माणसाला मान्य करावे लागते. लांबलचक तक्रारअर्जाला 'आपला अर्ज पावला, विचार चालू आहे' असे लिहून मोकळे होता येते. साध्या प्रश्नाला तशी सोय नसते. कुसुमबाई भालेराव यांचे पोस्टकार्ड माझ्या टेबलावर दहा महिने पडून राहिले ते या कारणाने. (दुसरे कारण मी स्वतः. ते ओघात येईलच.)

फेब्रुवारीत आलेल्या त्या कार्डावरचा मजकूर असा:

"चिटणीस मास्तरांना सलाम. आपल्या देवळाचं काम निघालं असं ऐकलं. नाताळाला पूर्णेला यायचं मनात आहे. नाताळ लांब आहे, पण गुडघ्यांना वेळ लागतो. वेदीपुढं आपल्या पायानं जाऊन प्रभूभोजन घ्यावं एवढी इच्छा आहे. नव्या देवळाला पायऱ्या किती, एवढंच कळवावं. म्हणजे तेवढ्या चढायची इथं सवय करते."

आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. कुसुमबाईंचे यजमान रेल्वेत गँगमन होते. तीस वर्षे दर शनिवारी बाईंनी हे देऊळ झाडले आणि यजमान वारल्यावर त्या परभणीला लेकीकडे राहायला गेल्या. कार्ड आले तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे अचूक उत्तर 'एक' असे होते आणि त्या एकीतही उंबरा धरलेला होता. ते मी त्याच दिवशी लिहायला हवे होते. पण रविवारी इमारत समितीची बैठक होती. म्हटले, बैठक होऊ द्यावी, म्हणजे उत्तर अधिकृत होईल.

समितीचे अध्यक्ष बन्सीधर साळवे हे रेल्वेचे निवृत्त गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यात नोकरी झाल्यामुळे पुढे राहण्याची हौस त्यांनी निवृत्तीनंतर भागवली. दुरुस्तीचे कारण खरे होते. देवळासमोरच्या रस्त्यावर दर निवडणुकीआधी एक थर चढतो, त्यामुळे रस्ता देवळाच्या वर गेला आणि पावसाचे पाणी उपासनेला येऊ लागले. (उपस्थितीत नियमित असे तेवढेच.) पहिल्या बैठकीत जोते अडीच फूट उचलण्याचे ठरले. पायऱ्या पाच. ठराव सर्वानुमते मंजूर. मी हात वर केला आणि घरी येऊन कार्डावर 'पाच' लिहिले. ते टाकणार तोच दुसरी बैठक लागली.

"रस्ता काय आता थांबनाराय का?" बन्सीधर म्हणाले. "आनखी दहा निवडणुका धरा. दर निवडणुकीला तीन इंच. आपन मेल्यावर लेकरायनी पानी उपसत बसावं का?"

हा हिशेब बिनचूक होता. दहा त्रिक तीस, तीस इंच म्हणजे आणखी अडीच फूट. पायऱ्या दहा झाल्या. सर्वानुमते. मी 'पाच' खोडून 'दहा' लिहिले. कार्डावर खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून नवे कार्ड आणायचे ठरवले.

तिसऱ्या बैठकीत दहा या आकड्याला धार्मिक आधार शोधण्यात आला. तो फार शोधावा लागला नाही, कारण देवाच्या आज्ञा दहा आहेत. एकेका पायरीवर एकेक आज्ञा संगमरवरात कोरायची, असे बन्सीधर यांनी सुचवले. त्यावर महिला मंडळाच्या गीताबाई उठल्या.

"खून करू नको, याच्यावर पाय देऊन मी न्हाई चढायची," त्या म्हणाल्या. "आन् देवाच्या आज्ञेवर चपला काढून ठेवायच्या का?"

आक्षेप रास्त होता. तेव्हा आज्ञांऐवजी प्रभूच्या बारा शिष्यांची नावे घालावीत असे ठरले. शिष्यांवर पाय ठेवायला कोणाचीच हरकत नव्हती. त्यासाठी दोन पायऱ्या वाढवून जोते सहा फूट करण्यात आले. प्रत्येक पायरीवर एका शिष्याचे नाव आणि त्याखाली मंडळीतल्या एका घराण्याचे. पेत्रासाठी चार घराणी पुढे आली. योहानासाठी तीन. बाराव्या पायरीसाठी, जी यहूदा इस्कर्योत याच्या वाट्याला आली होती, कोणीही आले नाही. ज्याने चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला धरून दिले त्याच्याखाली आपले आडनाव कोरून घ्यायला, मंडळी कितीही एकोप्याची असली, तरी माणूस मिळत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करतो. यहूदाच्या जागी पुढे मत्थिया नावाच्या माणसाची चिठ्ठ्या टाकून नेमणूक झाली होती. शास्त्रात तसे लिहिलेले आहे. चाळीस वर्षे शाळेचे ग्रंथालय सांभाळल्यामुळे मला असल्या गोष्टी माहीत असतात. बाराव्या पायरीवर मत्थिया घालता आला असता. मी हे सांगण्यासाठी दोनदा खाकरलो. बन्सीधर म्हणाले, "मास्तर, पानी घ्या." मी पाणी घेतले.

यहूदाची पायरी रद्द झाली. पण जोते सहा फूटच राहिले, कारण तोवर भिंती उठल्या होत्या. बारा पायऱ्यांची उंची अकरा पायऱ्यांत सारखी वाटून देण्यात आली. आमच्या मंडळीत प्रत्येक शिष्य अर्ध्या इंचाहून थोडा अधिक उंच आहे, तो यहूदाचा भार त्याच्यावर आल्यामुळे.

याच सुमारास लिंबाजी यांनी तोंडी तक्रार नोंदवली. लिंबाजी हे शंटिंगमध्ये डावा पाय गमावलेले पॉइंट्समन, आता कृत्रिम पायावर चालतात.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "मह्या एका पायाला अकरा म्हंजे साडेपाच धरायच्या का बावीस, तेवढं ठरावात घाला."

समितीने तक्रारीची गंभीर दखल घेऊन मंडळीतील गुडघ्यांची गणना करण्याचा निर्णय घेतला. गणनेचे काम चिटणिसाकडे आले. मी रकाने आखले: नाव, वय, उजवा, डावा, शेरा. दर गुडघ्याला 'शांत' किंवा 'कुरकुर' यांपैकी एकच लिहायचे होते. घरोघर जाऊन लोकांना उठाबशा काढायला सांगणे माझ्या स्वभावाला जड गेले. सुकेशनीबाईंनी गुडघा ही घरातली बाब आहे असे सांगून दार लावून घेतले. (दार लावताना दोन्ही गुडघ्यांचा आवाज आला. तो ग्राह्य धरला.) अहवाल असा: मंडळी अठ्ठावन्न. गुडघे एकशे पंधरा, लिंबाजींमुळे एक कमी. पैकी कुरकुरणारे एक्कावन्न, शांत चौसष्ट. शांत गुडघ्यांत रविवारच्या शाळेतली लेकरे आणि तरुण पाळकसाहेब यांचे गुडघे धरलेले आहेत. बहुमत पायऱ्यांच्या बाजूने असल्याचे स्पष्ट झाल्याने आराखड्यात बदल करण्याचे कारण उरले नाही.

उताराचा रस्ता करावा, अशीही सूचना आली. चाकाची खुर्ची जाईल अशा उताराला दर फुटाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे सहा फुटांना बहात्तर. आमचे अंगण चाळीस फुटांचे. उतार सुरू करायचा तर तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीतून करावा लागला असता. टपरीवाल्याची काही हरकत नव्हती. रस्त्यालाच विचारायचे राहिले.

ऑक्टोबरात देवळाचे समर्पण झाले. इमारत खरोखर देखणी आहे. संगमरवर थंड आहे, पंखे आवाज करत नाहीत, आणि आत गेलेल्यांपैकी आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. आत गेलेले एकूण सतरा.

उरलेले एक्केचाळीस जण अंगणात लिंबाखाली बसतात. मंडपवाल्याकडून खुर्च्या येतात, वर कर्णा लावला आहे. पाळकसाहेब वर उपदेश करतात, आम्ही खाली आमेन म्हणतो आणि ते दोनतीन वाक्ये उशिरा वर पोहोचते. लिंबाजी पहिल्या रविवारी सातव्या पायरीपर्यंत गेले होते. सातवी पायरी शंका घेणाऱ्या थोमाची. "हितं आल्यावर मला बी शंका यायलीय," असे म्हणून ते बसतच खाली उतरले.

प्रभूभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस घेऊन खाली येतात. एका ताटात मावत नाही म्हणून तीन खेपा होतात. एक खेप चढून-उतरून बावीस, म्हणजे सहासष्ट पायऱ्या. नोव्हेंबरात गणनेत दुरुस्ती करावी लागली: त्यांचा उजवा गुडघा 'शांत'मधून 'कुरकुर'मध्ये घेतला. बहुमत अजून आहे.

आता कुसुमबाईंना 'अकरा' असे अंतिम उत्तर लिहायला कोणतीच अडचण नव्हती. पण आता वाटू लागले की अकरा हा आकडा सत्तरी ओलांडलेल्या बाईला कळवू कसा? मी टाळत राहिलो. उत्तर गेले नाही की माणूस समजून घेतो, अशी माझी समजूत होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिंबाजी पायाचा पट्टा बदलून घ्यायला परभणीला गेले आणि परतताना माझ्याकडे आले.

"मास्तर, कुसुमबाईला काय लिव्हलं तुमी?"

"अजून काही नाही."

"मंग बरोबर हाय." ते खुर्चीत बसले. "तिच्या लेकीकडं गेल्तो. बाई जिन्यात. रोज सकाळी चढती. मी म्हनलं, काहून वं? तर म्हनली, मास्तरनं आकडा न्हाई कळवला, म्हंजे लय असतील. आधी एक चढायची. मंग दर आठ दिसाला एक वाढवायली. आता अडतिसावर हाय."

"अडतीस?"

"दुसरा मजला संपला. लेक रडकुंडीला आलीय. आता गच्चीकडं निघायलीय बाई." लिंबाजींनी पायाचा नवा पट्टा चाचपला. "आन् गेल्या मंगळवारी पडली. लय न्हाई, कोपर खरचटलं. बुधवारी पुन्हा जिन्यात."

मी विचारले, "तुम्ही सांगितलं नाही अकरा आहेत म्हणून?"

"म्या सांगितलं. म्हनली, तुहं काय खरं, तू एका पायावर मोजतू. मास्तरचं पत्र येऊ दे."

लिंबाजी गेल्यावर मी कार्ड घेतले. 'अकरा' लिहिले आणि ते अपुरे वाटले. अडतीस पायऱ्यांची सवय झालेली बाई अकरा सहज चढेल. आत जाईल, तर वेदीपुढे सोळा लेकरे आणि एक लंगडणारे पाळक. ज्यांच्याबरोबर तिने आयुष्य काढले ते सगळे खाली लिंबाखाली. म्हणून पुढचे लिहिले, आणि ते समितीपुढे ठेवले नाही:

"कुसुमबाईंना सलाम. देवळाला पायऱ्या अकरा आहेत. मंडळीला एकही नाही, आम्ही खाली अंगणात असतो. अकराच्या अकरा पायऱ्यांना, ठराव येईल तसा, मी हात वर केला होता. जिना आजपासून बंद करा. तरी वर जायचेच असेल तर तुमच्यामागे एक पायरी सोडून मी येईन. माझे दोन्ही गुडघे कुरकुरणाऱ्यांत मोजलेले आहेत, आवाज आला तर घाबरू नका. उशीर झाला, त्याला कारण नाही."

शेवटचे वाक्य तीनदा लिहिले, कारण पहिल्या दोन वेळा कारणे सुचली.

एक आकडा लिहायला दहा महिने लागणाऱ्या माणसाला वाचक मनसोक्त हसला असेल, तर ते योग्यच आहे. फक्त गणनेच्या वहीत काही रकाने कोरे उरले आहेत, तेवढे भरून हवेत. आपल्याकडे कोणी एखादी साधी गोष्ट विचारली होती, आणि आपण सवडीने कळवू म्हणून ठेवली आहे, असे माणूस आपल्या माहितीत असल्यास त्याचे नाव पहिल्या रकान्यात लिहावे. ते सध्या कितव्या पायरीवर आहे, ते शेऱ्यात. माझ्यापुरते सांगायचे तर आज सकाळी साडेनऊ वाजता, पहिली डाक निघण्याआधी, मी कार्ड पेटीत टाकले.